किल्ली ज्याची त्याच्याजवळ

घरात पाऊल टाकायच्या आधी मिस्त्री चपलेचा तळवा दाखवायचे. पायातल्या चपलेचा नव्हे बरं का. पायातले जाडजूड बूट दाराबाहेर भिंतीला लावून ठेवलेले असायचे. मग खांद्यावरच्या पिशवीतून एक पांढरं फडकं निघायचं, फडक्यातून रबरी चपलांचा जोड. तो उलटा करून दारातल्या बाईसमोर धरायचे आणि म्हणायचे, "बगून घ्या माय. ह्या चपलेनं रस्ता बगितला न्हाई. ही घरातलीच हाय."

एखादी हसायची. एखादी म्हणायची, "आमच्याकडं आत चप्पल चालत नाही हो मिस्त्री. देवघर आहे."

"मंग माझं बी चालत न्हाई माय. करंटला सोवळंओवळं कळत न्हाई, त्याला उघडा पाय कळतो." एवढं बोलून फडकं परत गुंडाळायचे, बूट घालायचे आणि निघायचे. अशी कितीतरी कामं त्यांनी दारातूनच सोडली. आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, हा माणूस वायरमन आहे का कीर्तनकार? मला मात्र त्यांचं कधी हसू आलं नाही. मी त्यांना गिरणीत असताना पाहिलेलं होतं.

नांदेडच्या बाहेर तेव्हा एक सूतगिरणी चालायची. आता तिथं भिंत उरलीय आणि आत बाभळी. आमचे हे त्या गिरणीत ब्लोरूमला होते. ब्लोरूम म्हणजे जिथं कापसाच्या गाठी फोडून पिंजतात ते खातं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कान पांढरे, म्हाताऱ्याचं सोंग घेतल्यासारखे. मी एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे करायची. मिस्त्री त्यातलेच. गाव कंधारकडचं, बायको लवकर गेलेली, एकच लेक. गिरणीत वीजखात्याला होते. पुढं डब्याऐवजी आमच्याच घरी येऊन जेवायला लागले आणि मला अक्का म्हणायला लागले. आम्ही एकाच समाजाचे, एकाच विहारात जाणारे, पण नातं जुळलं ते भाकरीनं.

जेवायला बसायच्या आधी ते जरा उभे राहायचे, मान वाकडी करून. मी म्हणायची, "बसा की. काय ऐकून राहिले?"

"तुमच्या ट्यूबची पट्टी गुणगुणून राहिली अक्का."

मला काही ऐकू यायचं नाही. ते म्हणायचे, गिरणीत एवढा धडधडाट असतो की बिघडलेली मोटार तेवढी वेगळी ओरडते, लगेच कळते. घराचा आवाज लई बारीक. घर गुपचूप जळतं.

त्या गिरणीत एक रीत होती. कुण्या जुन्या साहेबांनी पाडलेली, आणि साहेब बदलून गेले तरी राहिलेली. एखादी मशीन साफसफाईला नाहीतर दुरुस्तीला उघडली की आधी तिचा मोठा स्विच पाडायचा आणि स्विचच्या कडीत एक लोखंडी पट्टी अडकवायची. पट्टीला ओळीनं भोकं. मशीनीत जो जो हात घालणार, त्यानं आपापलं कुलूप त्या पट्टीला लावायचं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवायची. वायरमनचं लाल, फिटरचं निळं, आमच्या ह्यांच्यासारख्या साफ करणाऱ्यांचं पिवळं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालू होणार नाही. मोठे साहेब स्वतः येऊन उभे राहिले तरी नाही.

एकदा आमचे हे कुलूप काढायचं विसरून घरी आले. हात धुऊन पाटावर बसले, मी अंबाडीची भाजी वाढत होते, तर दारात सायकलची घंटी. मिस्त्री उभे. घामानं निथळलेले.

"तुमचं पिवळं लटकून राहिलं तिकडं. मशीन उभी हाय."

ह्यांनी जिभेला चावा घेतला आणि खिशातली किल्ली काढून पुढं केली. "घे गड्या. काढून टाक."

मिस्त्री दोन पावलं मागं सरले, जणू ह्यांनी इंगळ पुढं केला. "किल्ली नको. तुमी चला."

"अरे, जेवून राहिलो. किल्ली दिली की तुला."

"किल्ली ज्याची त्याच्याजवळ. म्या तुमचं कुलूप काढलं अन् तुमी मशीनीतच असले तर?"

"मी इथं बसलोय की तुझ्यासमोर!"

"आज हायत. उद्या मला सवय लागंल."

हे उठले, भरलं ताट तसंच ठेवून त्यांच्या सायकलवर डबलसीट गेले. परत आल्यावर गार भाजी खाताना बडबडत होते, पण बडबडीत राग नव्हता. म्हणाले, "येडं हाय. पण त्याच्या भरोशावर मशीनीत डोकं घालताना भ्या वाटत न्हाई बग."

गिरणी बंद पडली ती एका फटक्यात. दाराला कंपनीचं कुलूप लागलं, आणि त्याची किल्ली कुणाजवळ ते कुणालाच माहीत नव्हतं. मिस्त्री लातूरला गेले. तिथं लेक दिलेली होती. एका तेलाच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागले आणि थोड्याच दिवसांत बिछाना गुंडाळून परत आले. मी विचारलं, काय झालं?

"म्या कुलूप लावलं की तिथला सुपरवायझर म्हणायचा, मिस्त्री, तुमचं कुलूप माल खाऊन राहिलं. पट्टी फेकून दिली त्यानं माझी. म्या उचलून आणली." पिशवीतून पट्टी काढून दाखवली. "आता घरं करतो अक्का. बल्ब, पंखे, काय असंल ते."

बोलताना ते खाली बघत होते. माणसाएवढ्या उंच पेट्या सांभाळलेला माणूस. ज्या मोटारींनी अख्खं खातं हलायचं त्या मोटारी ह्यांच्या बोटावर चालायच्या, आणि आता लोक बोलावणार कशाला, तर दारावरची घंटी बसवायला. पण घंटी बसवायची तरी ते सगळ्या घराचं मेन पाडायचे. मेन स्विचला पट्टी, पट्टीला लाल कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. त्याआधी घरात फिरून एकेकाला सांगायचे, "लाइट बंद करून राहिलो. म्या सांगंस्तोर मेनला हात लावायचा न्हाई. कळलं?" समोरच्यानं 'कळलं' म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. म्हाताऱ्या बाईनंही म्हणायचं, शेंबड्या पोरानंही म्हणायचं. एका घरात सासूसुनांचं भांडण चालू होतं, तर काम न करता परत आले. म्हणाले, "रागातलं माणूस 'कळलं' म्हणतं, पण त्याला कळलेलं नसतं."

आणखी एक. प्रत्येक उंबऱ्याशी ते थांबायचे आणि विचारायचे, "आत येऊ का?" स्वयंपाकघराशी विचारायचे, देवघराशी विचारायचे, न्हाणीशीसुद्धा. माझ्याकडंही विचारायचे. मी एकदा रागावले, "माझ्या घरात कशाला विचारता?" तर म्हणाले, "गिरणीत उंबरे नव्हते अक्का. माठ बी एकच होता. घरांत कुठं कुठं वेगळं असतं. सगळीकडं विचारलं म्हंजे कुठं विचारावं लागतं ते कुणाला दिसत न्हाई." त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली कायम का असायची, ते मला त्या दिवशी कळलं.

गल्लीत त्यांना कुलूपवाला म्हणायला लागले. आणि लोकांनी एक गोष्ट आपल्या मनानं रचली, की गिरणीत ह्यांच्या हातून नक्की कुणीतरी मेलेलं असणार. कुणी म्हणे जोडीदार, कुणी म्हणे सख्खा भाऊ. इतक्या खात्रीनं सांगायचे की मलाही वाटायला लागलं. आमच्या ह्यांना काही माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या खात्यातलं सगळं कुठं कळतं? एक दिवस मिस्त्री भाकरी चुरून राहिले होते, मी भीतभीतच विचारलं, "मिस्त्री, गिरणीत कुणी गेलं होतं का हो? करंट लागून?"

त्यांनी वर बघितलं. त्यांना प्रश्नच समजला नव्हता असं तोंड.

"न्हाई अक्का. एक बी न्हाई."

"मग हे कुलूप?"

"म्हणून तर कुलूप. कुणी मेल्यावर लावायचं व्हय?"

आणि परत जेवायला लागले.

आमच्या शेजारी, अख्खी गल्ली ज्यांना मामा म्हणते त्यांचं घर. भोकरकडं त्यांची जमीन, मोठं कुटुंब, पण लेकरांच्या शिक्षणासाठी नांदेडला घर बांधलेलं. मामा माणूस वाईट नाही. आवाज मोठा आणि धीर कमी, एवढंच. त्यांच्या मोठ्या मुलीची हळद होती. मांडववाल्यांनी लाइटच्या माळा घरच्याच बोर्डावर टाकल्या आणि बोर्ड तापून वास सुटला. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मेन पाडलं, कुलूप लावलं, बोर्ड भिंतीतून बाहेर काढला. आतलं सामान जळालेलं निघालं, तर ते नवीन आणायला बाजारात गेले. किल्ली अर्थात गळ्यात.

इकडं घरभर पाहुणे. उन्हाळा. पंखे बंद, मिक्सर बंद, बायका पदरानं वारा घेऊन राहिलेल्या. व्याही आलेले. मामांचा पारा चढला. आतून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि दोन घाव घालून कुलूप तोडलं.

मिस्त्री परत आले तेव्हा माळा दुसऱ्या बोर्डावरून लखलखत होत्या, गाणी लागली होती. मी तिथंच होते, हळद लावून. त्यांनी ओट्यावर पडलेलं कुलूप बघितलं. मग भिंत बघितली. बोर्डाच्या जागी खड्डा, खड्ड्यात उघडी वायर, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक करवली भिंतीला टेकून मेंदी सुकवत उभी होती. मिस्त्रींचा चेहरा कापसासारखा झाला. त्यांनी त्या पोरीला हात धरून बाजूला केलं. परक्या घरात, हळदीच्या दिवशी, बाईमाणसाचा हात धरलेला! चार बायका ओरडल्या.

मामा पुढं आले. "अहो मिस्त्री! माझ्याच घराला तुमचं कुलूप? ही काय तुमची गिरणी हाय का?"

"न्हाई मालक," मिस्त्री म्हणाले. "गिरणी असती तर तुमी तोडलं नसतं."

मग म्हणाले, "जरा मेन पाडा. उघडी वायर झाकतो अन् जातो." वायर झाकली, तुटलेलं कुलूप उचलून खिशात टाकलं आणि गेले. त्या ओट्यावर नंतर ते चढले नाहीत. गल्लीतून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे. मामाही मानी. कुणीतरी विचारलं तर म्हणायचे, "काय मेलं का कुणी? मंग?"

वर्षं गेली. मिस्त्रींनी नवं लाल कुलूप घेतलं. आणि आमच्या ह्यांच्या छातीत जो कापूस बसला होता तो बोलायला लागला. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना, मग नुसतं बसल्यावर. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन ओढणारं यंत्र घरी ठेवायला सांगितलं. ते बिछान्याशेजारी दिवसभर घुमायचं. यंत्रापासून ह्यांच्या नाकापर्यंत लांबलचक नळी. नाकातली नळी काढून न्हाणीपर्यंत गेले तरी ओठ निळे पडायचे. लहानसा सिलेंडर होता, पण तो दवाखान्यात नेण्याच्या वाटेपुरता. इन्व्हर्टर आमच्याकडं कुठला!

मिस्त्री रोज दिवेलागणीला यायचे आणि बिछान्याशी बसायचे. एकाला बोलवत नसे आणि दुसरा यंत्र ऐकत असे.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी यंत्र चिरकायला लागलं. घरातला बल्ब भक्कन मोठा व्हायचा, लगेच मंद व्हायचा. मी मिस्त्रींना फोन केला. ते आले, तळवा दाखवायला विसरले नाहीत, आत येऊ का विचारायला विसरले नाहीत, आणि सरळ मेन स्विचपाशी जाऊन नाक लावलं.

"अक्का, आतला जोड जळून राहिला. न्यूट्रलचा. आज केलं न्हाई तर यंत्र जळंल, न्हाईतर घर."

"मग करा की."

"मेन पाडावं लागंल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेन पाडलं की यंत्र बंद.

मी बिछान्याकडं बघितलं. हे सगळं ऐकून राहिले होते. मी मिस्त्रींना बाहेर अंगणात नेलं आणि हात जोडले. "मिस्त्री, आज एक दिवस तुमची रीत सोडा. चालू लायनीवर करा. सगळे वायरमन करतात. मी पाया पडते तुमच्या."

ते खाली बसले. पांढरं फडकं हातात चुरगाळत राहिले. मला वाटलं, आता हो म्हणतील. खरं सांगते, त्यांनी हो म्हणावं म्हणून मी मनात बुद्धाला साकडं घातलं.

"अक्का," ते म्हणाले, "म्या चालू लायनीवर हात घातला अन् पडलो, तर मागं जोड उघडा राहील. मला बगाल का ह्यांना बगाल? यंत्र चालू कोण करंल?"

आतून बल्ब भक्कन झाला आणि यंत्र परत चिरकलं.

मिस्त्रींनी मान वर केली आणि आमच्या सामाईक भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं मामांचं घर.

"तिकडून लाइन आणावी लागंल. यंत्रापुरती."

मी उठले. "मी जाते मामांकडं. मला नाही म्हणणार नाहीत."

"बसा. काम माझं हाय, तर मागायचं बी म्याच."

बूट घातले. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. मामा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. मिस्त्री ओट्याच्या पायरीशी थांबले. "मालक, आत येऊ का?"

मामांनी पेपर खाली केला. "ओहोहो! मिस्त्री! आज वाट वाकडी केली? कुलूप आणलं का बरोबर?"

"आणलंय. पण तुमच्या घराला लावायचं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. सगळं, हळू आवाजात. मामांचा चेहरा उतरला. "अहो, न्या की लाइन! त्यात विचारायचं काय? दारातच बटण हाय, लावा वायर."

"विचारायचं हाय मालक. तुमच्या घरात माणसं हायत. कुणी मोबाइल लावायला प्लग काढला, कुणी जाता येता बटण पाडलं, तर तिकडं..."

"मंग लावा कुलूप. लावा! न्हाई तोडत मी."

"चालू बटणाला कुलूप लावत न्हाईत. आग लागली, काय झालं, तर पाडता आलं पाहिजे. तिथं माणूस लागतंय."

मामांनी पेपर बाजूला ठेवला. मग प्लास्टिकची खुर्ची उचलली, आत दाराशी बटणाखाली नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले.

"घ्या. बसलो."

"म्या सांगंस्तोर उठायचं न्हाई मालक. कळलं?"

"कळलं."

"फोन आला तरी?"

"अहो कळलं म्हणलं की!"

वायर भिंतीवरून आली. यंत्राचा प्लग इकडून काढून त्या वायरीला लावायचा, तेवढा वेळ यंत्र थांबणार होतं. मी ह्यांचा हात धरला. घुमणं थांबलं. मला वाटतं त्या घटकेइतकं शांत आमचं घर कधीच नव्हतं. मग परत घूं... आणि भिंतीपलीकडून मामांचा आवाज, "चालू झालं का हो?"

"झालं मामा."

मिस्त्रींनी मेन पाडलं. पट्टी लावली, लाल कुलूप लावलं. मग पिशवीत खोलवर हात घातला आणि दुसरं कुलूप काढलं. पिवळं. रंगाचे पोपडे उडालेले. आणून बिछान्याशी धरलं.

ह्यांनी ओळखलं. ओठ हलले. "माझं... कुठून?"

"गिरणी बंद झाली तवा फळीवर उघडी लटकून होती सगळ्यांची. तुमचं तेवढं आणलं."

"आजवर... दिलं न्हाई?"

"वेळ आली नव्हती."

"आज... कामून?"

"मशीनीत ज्याचा हात, त्याचं कुलूप. आज तुमचा हाय."

त्याची किल्ली आमच्याच घरात होती हो. ह्यांच्या जुन्या शर्टाबरोबर पेटीत पडलेली. एवढी वर्षं मी ती कशाची म्हणून फेकायला निघायची आणि हे फेकू द्यायचे नाहीत. मी काढून आणली. मिस्त्रींनी पिवळं कुलूप पट्टीला लावून खटकन दाबलं, आणि ह्यांनी किल्ली मुठीत धरली.

मग काम सुरू झालं. आमच्या घरात पंखे बंद, ऊन चढलेलं, मिस्त्री घामानं भिजलेले. जळका जोड कापून काढला तेव्हा कोळशासारखा काळा निघाला. पलीकडून थोड्या थोड्या वेळानं हाक यायची, "चालू हाय का हो?" मी म्हणायची, "चालू हाय मामा." एकदा मामी म्हणताना ऐकू आल्या, "आता चार घास खाऊन घ्या, मी बसते की तिथं."

"तू न्हाई. कबूल म्या केलंय. ताट इकडं आण."

आणि मामा बटणाखाली बसून जेवले.

काम झालं. मिस्त्रींनी गळ्यातली किल्ली काढून लाल कुलूप उघडलं. मग बिछान्यापाशी येऊन म्हणाले, "आता तुमचं."

ह्यांनी मूठ उघडून किल्ली पुढं केली. मिस्त्री दोन पावलं मागं सरले.

"किल्ली नको. तुमी चला."

मी चिडलेच. "मिस्त्री! कुठं चला? उठवत नाही त्यांना!"

पण हे हसत होते. कितीतरी महिन्यांनी हसत होते. गार झालेली अंबाडीची भाजी त्यांना आठवली असणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मिस्त्री, मागं नळी सरपटतेय. बिछान्यापासून ओसरीतल्या मेन स्विचपर्यंतची ती वाट केवढी मोठी झाली होती. मधे दोनदा थांबलो. ह्यांच्या हातची किल्ली भोकात जाईना. मी हात लावायला गेले तर मिस्त्रींनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी गेली. पिवळं कुलूप उघडलं.

मिस्त्री म्हणाले, "पाडलं म्या. उचला तुमी."

ह्यांनी मेन उचललं. घरभर पंखे फिरायला लागले. बल्ब लागला, नीट, न हलता. हे तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले आणि वर बघत राहिले, जसं काही अख्खं खातं सुरू केलं होतं त्यांनी.

पलीकडून आवाज आला, "आता उठू का हो मिस्त्री?"

मिस्त्रींनी आधी यंत्राचा प्लग काढून परत आमच्या बोर्डात लावला. मग म्हणाले, "उठा मालक. झालं काम."

थोड्या वेळानं मामा स्वतः चहाची किटली घेऊन आले. घरातले कप. आमच्या उंबऱ्याशी थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आत येऊ का?"

पुढं थंडीत आमचे हे गेले. दुपारी, झोपेत. यंत्र चालू होतं, लाइट होती. ज्याला जायचं होतं ते त्याच्या वेळेनं गेलं, दुसऱ्या कुणाच्या चुकीनं नाही, एवढं समाधान मला मिस्त्रींनी दिलं. त्या दिवशी ते आले. मला विचारून यंत्राचं बटण बंद केलं आणि पिवळं कुलूप माझ्या हातात दिलं. गिरणीतही माणूस कायमचा गेला की त्याचं कुलूप घरी पोचवत असत, म्हणाले.

नंतर डोळ्यांनी दगा दिला तशी लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. तिथंच गेले ते. लेक एसटीनं आली, पिशवीतून पट्टी आणि लाल कुलूप काढलं. "बाबा म्हणले, अक्कांच्या घरी द्या."

"किल्ली?"

"किल्ली त्यांच्या गळ्यात होती मावशी. आम्ही काढली नाही."

बरं केलंस, म्हटलं मी. ते लाल कुलूप आमच्या मेनशेजारी खिळ्याला उघडंच लटकतं. लावता येत नाही ते. लावलं तर काढणार कोण?

पिवळं मात्र मी वापरते. परवा गीझर बसवायला एक वायरमन आला, चांगला शिकलेला. त्यानं मेन पाडलं. मी उठून पट्टी अडकवली, पिवळं कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन तिथंच स्टुलावर बसले.

तो हसला. "आजी, पाडलंय की मी. घरात तुम्ही एकट्याच. कोण चालू करणार?"

"कुणी न्हाई. तू कर तुझं काम."

थोडं काम केलं आणि त्याला राहवेना. दोन कुलपांकडं बघत, आवाज खाली आणून विचारलं, "आजी, कुणी गेलं होतं का इथं? शॉक लागून?"

"न्हाई बाबा," मी म्हटलं. "एक बी न्हाई."